शंटिंगचीं इंजिनें : लहान प्रमाणांत

आगगाडीनें प्रवास केला नाहीं असा मनुष्य शहरांत आज शोधूनहि सांपडणार नाहीं. परंतु गाडी फलाटाला लागण्यापूर्वीं, आणि उतारू उतरून गेल्यानंतर, स्टेशनांत काय घडतें याकडे लक्ष देणारे फार थोडे. मेल गाडीचें इंजिन सर्वांच्या ओळखीचें असतें. लहान मुलें त्याला हात करतात, हौशी लोक त्याचे फोटो घेतात. पण त्याच गाडीचे डबे कोठून तरी ओढून आणून एकामागें एक लावून ठेवणारें आणि काम होतांच बाजूच्या रुळावर निमूटपणें जाऊन उभें राहणारें जें एक बुटकें इंजिन असतें, त्याचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. त्याच्या या कामाला रेल्वेच्या भाषेंत शंटिंग म्हणतात. अशा इंजिनांच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृति जमविणें, आणि जी प्रतिकृति बाजारांत मिळत नाहीं ती दुसऱ्या एखाद्या प्रतिकृतींत फेरफार करून तयार करणें, हा छंद युरोप-अमेरिकेंत पुष्कळ वर्षांपासून रुजलेला आहे. महाराष्ट्रांतील छंदिष्टास मात्र त्यांतील दुसऱ्या भागाला, म्हणजे फेरफाराला, अधिक महत्त्व द्यावें लागतें. तें कां, हें समजण्यासाठीं आधीं खऱ्या इंजिनाचें काम पाहिलें पाहिजे.

शंटिंग म्हणजे काय, हें कळण्यास कोल्हापूरच्या स्टेशनाइतकें सोयीचें ठिकाण क्वचित् सांपडेल. मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानानें बांधविला. १८८८ सालीं त्याच्या कामास आरंभ झाला आणि १८९१ सालीं मार्ग वाहतुकीस खुला झाला. मिरजेहून निघालेली गाडी जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे हीं स्टेशनें घेत, गुळाच्या व्यापारावरून ज्याला नांव पडलें तें गूळ मार्केट स्टेशन ओलांडून कोल्हापुरांत शिरते. कोल्हापूर आणि हुपरी यांच्या दरम्यान असलेलें गडमुडशिंगी हें गांव या मार्गाच्या दक्षिणेस आहे. कोल्हापूरच्या पुढें रूळ नाहींत. त्यामुळें गाडी फलाटांत येऊन थांबली कीं तिला ओढून आणणारें इंजिन टोंकाला अडकतें. पुढें रुळांचा शेवट आणि मागें संबंध गाडी. त्याची सुटका दोन रीतींनीं होते. शेजारचा रूळ मोकळा असेल आणि त्याच्या दोन्ही टोंकांना सांधे असतील, तर इंजिन गाडीपासून सुटून त्या रुळावरून तिला वळसा घालतें व दुसऱ्या टोंकास येऊन लागतें. नाहीं तर दुसरें इंजिन मागून येऊन रिकामे डबे ओढून नेतें आणि अडकलेलें इंजिन आपोआप मोकळें होतें. याखेरीज नादुरुस्त डबा गाडींतून काढणें, गर्दीच्या दिवसांत जादा डबा जोडणें, मालाच्या वाघिणी धक्क्याला लावणें, त्या भरल्यावर पुन्हां एकत्र करणें, हीं सर्व कामें शंटिंगचींच होत.

काम निराळें, म्हणून इंजिनहि निराळें. मेलच्या इंजिनास वेग लागतो. शंटिंगच्या इंजिनास वेगाचा कांहींच उपयोग नाहीं. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांप्रमाणें शंटिंगचा वेग ताशीं १५ किलोमीटरहून अधिक असतां कामा नये, आणि डबे प्रत्यक्ष जोडतांना तो याहूनहि पुष्कळ कमी असतो. या इंजिनास हवी असते ती जागच्या जागीं जोर करण्याची शक्ति, तीव्र वळणांतून जाण्याइतका आंखूडपणा, आणि चालकाला पुढें व मागें सारखेंच दिसण्याची सोय. वाफेच्या काळांत मुख्य मार्गावर थकलेलें जुनें इंजिनच पुष्कळदां यार्डांत पाठवीत. कांहीं ठिकाणीं आपलें कोळसा-पाणी अंगावरच वाहणारीं टँक इंजिनें खास या कामासाठीं ठेवीत. इंजिन नसेल तेथें माणसें खांदा लावून वाघीण ढकलीत. पुढें डिझेलचा काळ आला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धांत चित्तरंजनच्या कारखान्यानें डब्ल्यूडीएस-४ या वर्गाचें इंजिन बनविण्यास आरंभ केला. यांतील पहिलें अक्षर ब्रॉडगेजचें, दुसरें डिझेलचें आणि तिसरें शंटिंगचें. तीन आंस, तिन्ही आंसांचीं चाकें बाहेरून दांड्यांनीं एकमेकांस जोडलेलीं, पुढें लांब नाक, असें हें रूप. त्यानंतर १९७० च्या दशकांत वाराणसीच्या कारखान्यांतून डब्ल्यूडीएस-६ हें मोठें इंजिन बाहेर पडूं लागलें. त्यास सहा आंस असून चाकें विजेच्या मोटारींनीं फिरतात.

हीं इंजिनें लहान प्रमाणांत उतरवूं म्हटलें कीं पहिला प्रश्न मापाचा. योगायोग असा कीं, ज्या सालीं कोल्हापूरला आगगाडी आली त्याच १८९१ सालीं लाइपझिगच्या व्यापारी मेळाव्यांत मेर्कलिन या जर्मन कारखान्यानें खेळण्यांतल्या आगगाड्या रुळांच्या ठराविक रुंदीच्या मापांत मांडल्या. एका मापाचे डबे, इंजिनें आणि रूळ केव्हांहि विकत घेऊन एकमेकांशीं जुळवितां यावेत, ही त्यामागील कल्पना. तेव्हांपासून मापें लहान होत गेलीं, आणि आज सर्वांत अधिक प्रचार एचओ या मापाचा आहे. त्यांत मूळ वस्तु ८७ पट लहान केलेली असते व दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. युरोप-अमेरिकेंतील सामान्य लोहमार्गाची रुंदी १,४३५ मिलिमीटर आहे. तिला ८७ नें भागलें कीं साडेसोळाच येतात. तेथें हिशेब चोख जुळतो.

भारतांत तो तसा जुळत नाहीं. येथील ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर. तिला ८७ नें भागलें तर १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे तयार मिळणारा रूळ जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरांनीं अरुंद ठरतो. आंकडा क्षुल्लक वाटतो, परंतु बोटभर रुंदीच्या इंजिनाला तो समोरून पाहतांच जाणवतो. रुंद अंगाखालीं चाकें आंत ओढल्यासारखीं दिसतात. यावर दोन उपाय आहेत. एक तर आंस लांब करून घ्यावे, रूळहि हातानें घालावे आणि माप खरें ठेवावें. किंवा साडेसोळा मिलिमीटरांचा रूळ पत्करून चाकांवरील झालरीच्या आडोशानें आणि काळ्या रंगानें ती उणीव झांकावी. पहिला मार्ग प्रामाणिक, पण मेहनतीचा. शिवाय त्या रुळावर दुसऱ्या कोणाचें इंजिन चालणार नाहीं. म्हणून बहुसंख्य लोक दुसरा मार्ग स्वीकारतात.

येथें एक मौजेची गोष्ट लक्षांत येते. कोल्हापूरचा मार्ग मूळचा मीटरगेज होता. तो ब्रॉडगेज झाला १९७० च्या आसपास. मीटरगेजचे १,००० मिलिमीटर ८७ नें भागले तर साडेअकरा येतात, आणि बारा मिलिमीटरांचा रूळ बाजारांत तयार मिळतो. फरक अवघा अर्ध्या मिलिमीटराचा. मिरजेस १९२७ सालीं येऊन मिळालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरांची नॅरोगेज होती. तिचें माप पावणेनऊ मिलिमीटर होतें, आणि नऊ मिलिमीटरांचा रूळ तर सर्वत्र मिळतो. म्हणजे आजचें ब्रॉडगेज यार्ड खऱ्या मापानें करणें कठीण. पण आजोबांच्या वेळचें मिरजेचें यार्ड, जेथें मीटरगेज व नॅरोगेज शेजारीं शेजारीं नांदत होते, तें जवळजवळ खऱ्या मापांत मेजावर मांडतां येतें. ज्याला जुन्या काळाची ओढ आहे त्याला मापाचें गणितहि असें साह्य करतें.

आतां संग्रहाकडे वळूं या. युरोपांतील छंदिष्ट दुकानांत जातो आणि त्याच्या गांवच्या यार्डांत जें इंजिन त्यानें लहानपणीं पाहिलें, तेंच डबींत बंद असलेलें विकत घेतो. १९५५ पासून पश्चिम जर्मनीच्या रेल्वेवर आलेल्या व्ही-६० वर्गाच्या शंटिंग इंजिनाच्या प्रतिकृति तेथील कितीतरी कारखान्यांनीं काढल्या आहेत. निरनिराळे रंग, निरनिराळे क्रमांक, निरनिराळे काळ, असा एकाच वर्गाचा संग्रह कपाटभर होऊं शकतो. भारतीय शंटिंग इंजिन मात्र मोठ्या परदेशी कारखान्यांच्या सूचींत सहजासहजीं आढळत नाहीं. तेव्हां येथील मनुष्य नुसता विकत घेत राहिला, तर त्याच्या कपाटांत जर्मनी, इंग्लंड, अमेरिका हे सारे देश येतील. कोल्हापूर किंवा मिरज येणार नाहीं. आपल्या यार्डांतील इंजिन हवें असेल तर परक्या इंजिनाचें अंग घेऊन त्यावर आपलें रूप चढविल्यावांचून गत्यंतर नाहीं. फेरफाराला येथें अधिक महत्त्व आहे तें या कारणानें.

फेरफाराचा आरंभ करवतीनें नव्हे, पट्टीनें होतो. प्रथम मूळ इंजिनाचीं मापें मिळवावयाचीं. रेल्वेच्या हद्दींत परवानगीवांचून शिरणें अयोग्य व धोक्याचें असल्यानें, बहुतेक वेळां फलाटावरून अगदीं काटकोनांत घेतलेल्या फोटोवर काम भागवावें लागतें. त्या फोटोंत एक तरी माप निश्चित ठाऊक असलेलें हवें. चाक हें त्यासाठीं उत्तम साधन होय. भारतांतील बहुतेक ब्रॉडगेज डिझेल इंजिनांच्या नव्या चाकाचा व्यास १,०९२ मिलिमीटर असतो. फोटोंत चाक जितकें भरेल त्याच्या प्रमाणानें नाकाची लांबी, खिडकीची उंची, पायऱ्यांमधील अंतर, सारें काढतां येतें आणि तें आलेख-कागदावर मांडतां येतें. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत जुनीं इंजिनें उभीं आहेत. तेथें जवळ जाऊन पाहण्याची सोय आहे.

मापें हातीं आलीं कीं मग अंग निवडावयाचें. येथें नियम असा कीं, कवच बदलतां येतें, चाकें बदलणें अवघड. म्हणून ज्याच्या आंसांची संख्या व आंसांमधील अंतर मूळ इंजिनाशीं जुळतें असेंच यंत्र शोधावें. डब्ल्यूडीएस-४ साठीं तीन आंसांचें आणि बाजूच्या दांड्यांचें यंत्र हवें. या दृष्टीनें व्ही-६० चें अंग उपयोगीं पडतें. डब्ल्यूडीएस-६ साठीं तीन तीन आंसांच्या दोन गाड्यांवर चालणारें एखादें अमेरिकन धाटणीचें डिझेल घ्यावें. बार्शी लाइटसारख्या नॅरोगेजसाठीं युक्ति आणखी सोपी आहे : नऊ मिलिमीटरांच्या रुळावर चालणारें लहान मापाचें शंटिंग इंजिन घ्यावयाचें आणि त्यावर १:८७ च्या मापाची मोठी खोली बसवावयाची. चाकें तींच, पण खिडकी आणि दार मोठें झालें कीं सामान्य मार्गाचें इंजिन पाहतां पाहतां अरुंद मार्गाचें होतें. बघणारा इंजिनाचें माप चाकांवरून नव्हे, तर माणसाच्या दारावरून ठरवितो, हें या युक्तीचें मर्म आहे.

कवचासाठीं पितळेचा पातळ पत्रा, प्लॅस्टिकचे तक्ते, किंवा आतां त्रिमितीय मुद्रणयंत्रावर काढलेला सांचा, असे तीन पर्याय आहेत. प्रत्येकाचा गुण निराळा. मुद्रणयंत्रानें एकदां नकाशा केला कीं हव्या तितक्या प्रती निघतात. पण कठड्याच्या बारीक दांड्या त्यांत जाड तरी होतात किंवा मोडतात. तेथें पितळेची तारच हवी. पितळेच्या कामाला गडमुडशिंगीसारख्या गांवीं राहणारा मनुष्य वाटतो तितका एकाकी नाहीं. एका हाताला कोल्हापूरचें उद्यमनगर आहे, जेथें लेथवर चाकाची धांव कातून घेतां येते आणि आंस हव्या त्या लांबीचा करून मिळतो. दुसऱ्या हाताला चांदीच्या दागिन्यांसाठीं प्रसिद्ध असलेली हुपरी आहे. दागिना घडवितांना सोनार-कारागीर जो नियम पाळतो तोच येथें लागू पडतो : जो डाग अधिक उष्णतेवर वितळतो तो आधीं द्यावा, कमी उष्णतेचा मागाहून, म्हणजे दुसरा सांधा जोडतांना पहिला सुटत नाहीं. नाकाच्या चार बाजू प्रथम पक्क्या कराव्या, कठडे आणि दिव्यांचीं घरें शेवटीं लावावीं. हें शिक्षण जर्मनीहून येणाऱ्या माहितीपत्रकांतहि असतें. पण कारागिराच्या हाताकडे पाहून तें लवकर समजतें.

इतकें करून इंजिन हुबेहूब दिसूं लागलें, तरी काम अर्धेंच झालें. कारण शंटिंगचें इंजिन त्याच्या चालीवरून ओळखलें जातें. मेलचें इंजिन थोडें भरधाव गेलें तरी क्षम्य आहे. शंटिंगचें इंजिन सुसाट सुटलें कीं त्याचें खेळणें झालें. खऱ्या यार्डांत तें ताशीं ८ किलोमीटरांनीं, म्हणजे मनुष्याच्या झपझप चालीनें, सरकत असेल, तर ८७ पट लहान प्रमाणांत तो वेग सेकंदाला अवघा अडीच सेंटिमीटर होतो. एक मीटर अंतर जाण्यास सुमारें चाळीस सेकंद लागले पाहिजेत. या वेगाला साडेबारा मिलिमीटर व्यासाचें चाक मिनिटाला ३९ फेरे घेतें. मोटार मात्र स्वभावतः मिनिटाला हजारों फेरे घेणारी असते. मोटार व चाक यांमधील दांतेचाकांचें प्रमाण १५ ला १ असेल, तर मोटारीला मिनिटाला फक्त ५८५ फेऱ्यांवर चालावें लागेल. इतक्या मंद गतीला ती अडखळते, थांबते, आणि वीज वाढवितांच एकदम उडी मारते. तेंच प्रमाण ४० ला १ केलें कीं मोटार १,५६० फेऱ्यांवर सुखानें फिरते आणि चाक तेवढेंच सावकाश जातें. म्हणून जुन्या प्रतिकृतींत फेरफार करणारे पुष्कळजण कवचाला हात लावण्यापूर्वीं दांतेचाकेंच बदलतात.

दुसरी अडचण विजेची. प्रतिकृतीची मोटार रुळांतून येणाऱ्या विजेवर चालते, आणि ती वीज चाकांतून घेतली जाते. लांब इंजिनाला पुष्कळ चाकें असल्यानें एखादें चाक धुळीवर गेलें तरी दुसरें वीज घेतें. आंखूड शंटिंग इंजिनाला हा आधार नाहीं. सांध्यावरील विजेवांचून असलेल्या तुकड्यावर तें सांपडलें कीं जागींच उभें राहतें, आणि नेमकें तेथेंच त्याला सर्वांत सावकाश जावयाचें असतें. उपाय तीन आहेत. सर्व चाकांना पितळेच्या किंवा काशाच्या पातळ पट्ट्या टेंकवून वीज घ्यावी. नाकाच्या पोकळींत शिशाचे तुकडे बसवून वजन वाढवावें, म्हणजे चाकें रुळाला घट्ट बसतात. आणि क्षणभर वीज तुटली तरी पुरेल असा लहान विद्युत्संचायक आंत ठेवावा. शिसें विषारी असल्यानें तें हाताळल्यावर हात धुवावे आणि त्याचा कीस मुलांच्या खेळण्याच्या जागीं करूं नये. १९९० च्या दशकापासून प्रत्येक इंजिनास स्वतंत्र आज्ञा देणारी संख्यात्मक पद्धति रूढ झाली आहे. तिनें एकाच रुळावरचीं दोन इंजिनें निरनिराळ्या वेगानें हलवितां येतात. परंतु रूळ घाण असेल तर तिचाहि इलाज चालत नाहीं. स्वच्छ रूळ हाच पाया.

असें इंजिन तयार झालें कीं तें कपाटांत ठेवण्यापेक्षां त्याच्याकडून काम करवून घेण्यांत अधिक गोडी आहे. त्याला मोठी जागा लागत नाहीं. इंग्लंडमधील अ‍ॅलन राइट यांनीं 'इंगलनुक' नांवाची एक अत्यंत सोपी मांडणी योजिली आहे. तींत तीन रूळ : एकावर पांच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन तीन. दुसऱ्या टोंकास इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढीच जागा. एकंदर आठ वाघिणी ठेवून त्यांपैकीं पांच चिठ्ठ्या टाकून निवडावयाच्या आणि चिठ्ठीच्या क्रमानेंच त्यांची गाडी लावावयाची. खेळ पोरकट वाटतो. पण आठांतून पांच वाघिणींची क्रमवार मांडणी ६,७२० प्रकारांनीं होऊं शकते, त्यामुळें तो सहसा दुसऱ्यांदां तसाच येत नाहीं. गूळ मार्केटच्या वाघिणी, एक तेलाची टांकी, एक गार्डाचा डबा, एवढ्या सामग्रीवर घरांतील भिंतीच्या फळीवरहि हें यार्ड मांडतां येतें. घरांतील मुलांस यांतून जी शिस्त लागते ती वेगाच्या खेळांतून लागत नाहीं. पुढची वाघीण काढण्यापूर्वीं मागच्या तीन कोठें ठेवावयाच्या, याचा विचार आधींच करावा लागतो, आणि खऱ्या यार्डांतील शंटरलाहि हाच विचार क्षणोक्षणीं करावा लागतो.

संग्रह करणाऱ्याचें आणि फेरफार करणाऱ्याचें मात्र नेहमींच जुळतें असें नाहीं. संग्राहकाच्या दृष्टीनें मूळ डबी, मूळ रंग आणि मूळ चाकें यांतच वस्तूची किंमत. करवत लागली कीं ती संपली. या वादांत तडजोडीचा एक चांगला नियम आहे. जी प्रतिकृति दुर्मिळ आणि सुस्थितींत आहे तिला हात लावूं नये. मोडलेली, रंग उडालेली, एखादा भाग हरवलेली असेल तीच फेरफारास घ्यावी. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डबींत जपावा. प्रत्येक इंजिनाबरोबर एक कार्ड असावें : मूळ बनावट कोणाची, माप कोणतें, काय काय बदललें, कोणत्या सालीं, आणि कोणत्या खऱ्या इंजिनाच्या फोटोवरून. हें कार्ड केवळ टापटिपीसाठीं नाहीं. फेरफार केलेली वस्तु पुढें दुसऱ्याच्या हातीं गेली आणि ती कारखान्याची मूळ वस्तु म्हणून विकली गेली, तर ती फसवणूक होते. आणि एखाद्या अभ्यासकानें ती खरें माप समजून प्रमाण मानली, तर चूक पुढें चालू राहते.

जपणुकीचाहि थोडा विचार केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या पुष्कळ प्रतिकृति जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव आहेत. त्या धातूंत ओततांना शिशाचा अल्प अंश राहून गेला असेल, तर कालांतरानें वस्तु फुगते, तिला भेगा पडतात आणि शेवटीं तिचे तुकडे होतात. दमट हवेंत ही क्रिया लवकर होते, आणि एकदां सुरू झाली कीं तिला औषध नाहीं. कोल्हापूरच्या पावसाळ्यांत म्हणून अशा वस्तु ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यांत ठेवाव्या, आणि जुनें इंजिन विकत घेतांना चाकांची बैठक वांकडी झाली आहे काय हें आधीं पाहावें. चाकांवरील रबरी कडीं तडकतात, तेल गोठून दांतेचाकें जाम होतात. महिन्यांतून एकदां इंजिन रुळावर पांच मिनिटें चालविणें हा त्यावर साधा उपाय आहे.

हा छंद महाराष्ट्रांत कोठपर्यंत पोंचूं शकतो हें पाहावयाचें असेल, तर पुण्यास कोथरूड येथें कै. भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वे संग्रहालय पाहावें. तें १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. एचओ मापाच्या एकाच विस्तीर्ण मांडणींत वाफेच्या, डिझेलच्या आणि विजेच्या गाड्या, सांधे, सिग्नल, पूल व गांवें एकत्र चालतांना तेथें दिसतात. एका माणसाचा घरगुती छंद सार्वजनिक शिक्षणाचें साधन कसा होतो, याचें हें उत्तम उदाहरण होय. कोल्हापूर भागांतील मुलांनीं सहलीच्या निमित्तानें तें पाहिलें, तर आपल्या स्टेशनांतील रूळहि ती निराळ्या नजरेनें पाहूं लागतील.

आणि तसें पाहण्याची वेळ आतां फार उरलेली नाहीं. पूर्वीं एक वाघीण गूळ या स्टेशनाहून, दोन वाघिणी खत त्या स्टेशनाला, असा सुटा माल रेल्वे वाहत असे. त्या सुट्या वाघिणी गोळा करण्यावरच शंटिंगच्या इंजिनाचें पोट होतें. १९८० च्या दशकापासून रेल्वेनें तो व्यापार सोडून एकाच मालाच्या अखंड गाड्या चालविण्याचें धोरण धरलें. लहान स्टेशनांवरील मालधक्के ओस पडले. आतां दोन्ही टोंकांना चालकाची खोली असलेल्या गाड्या आल्या आहेत. त्यांना टोंकाला अडकण्याचा प्रश्नच नाहीं. मार्गांचें विद्युतीकरण झालें. डब्ल्यूडीएस-४ वर्गाचीं कितीतरी इंजिनें भंगारांत गेलीं. मेलचें एखादें नामांकित इंजिन तरी स्टेशनासमोर चौथऱ्यावर उभें करून रंगवितात; यार्डांतील बुटक्या इंजिनाला तो मान सहसा मिळत नाहीं. त्याचे नकाशे कचेरींतून जातात, फोटो मुळांत थोडेच असतात, आणि तें चालविणारे लोक निवृत्त होऊन आपापल्या गांवीं परततात.

म्हणून या छंदाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणें पुरेसें नाहीं. ज्या घरांत कोणी रेल्वेंत शंटर, सांधेवाला किंवा गार्ड म्हणून काम केलें असेल, तेथें जुन्या फोटोंची पेटी उघडावी. कोणत्या इंजिनाचें नाक कोणत्या बाजूस होतें, दिवा कोठें होता, पायरीवर उभा राहून हिरवा झेंडा कोणत्या हातानें दाखवीत, हें त्या माणसाला तो हयात असतांनाच विचारून लिहून घ्यावें. एवढी सामग्री मिळाली, कीं बोटभर लांबीच्या पितळेंत तें इंजिन पुन्हां उभें करणारे हात उद्यमनगरांत आणि हुपरींत आजहि आहेत. ती माहिती मात्र एकदां गेली, तर पितळ, मोटार आणि जर्मनीहून आणलेलें उत्तमांतलें उत्तम अंग, हें सारें मेजावर असूनहि कोल्हापूरच्या यार्डांतील इंजिन कोणालाच करतां येणार नाहीं.